पानाची रचना आणि प्रकाशसंश्लेषण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण शाळेत सगळ्यांचेच पाठ होते. ते ज्या पानात घडते, ते पान मात्र बहुधा वहीतल्या आकृतीपुरतेच पाहिले जाते. खालचे प्रश्न विद्यार्थी, पालक, गच्चीवर बाग करणारे आणि शेतकरी असे सगळेच विचारतात. उत्तरे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पानाला दार उघडावे लागते, आणि दार उघडले की पाणी बाहेर जाते. पानाचा जवळपास प्रत्येक बारकावा या देवघेवीतून उलगडतो.

पान एवढे पातळ आणि पसरट का असते?

पसरट कशासाठी ते उघड आहे : जास्तीत जास्त पेशींवर ऊन पडावे म्हणून. पातळपणाचे कारण मात्र लगेच लक्षात येत नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम ०.०४ टक्के. तो पानात शिरतो, पेशींच्या ओल्या भिंतीत विरघळतो आणि मग हरितलवकापर्यंत, म्हणजे पेशीतल्या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या कणापर्यंत, पोचतो. हा वायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पटींनी मंद तो पाण्यातून पसरतो. म्हणून पानातली कोणतीही हिरवी पेशी हवेपासून लांब असून चालत नाही. बहुतेक पाने अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतात ती यामुळेच. प्रकाशाचेही तसेच आहे. वरच्या थरांनी बराचसा प्रकाश शोषून घेतल्यावर खाली फारसा उरत नाही, आणि उजेड न मिळणाऱ्या पेशी पोसणे झाडाला परवडत नाही.

पान आडवे कापले तर आत काय दिसते?

सूक्ष्मदर्शकाखाली जास्वंदीच्या किंवा आंब्याच्या पानाचा पातळ छेद ठेवला, की पहिल्यांदा दिसतो तो सर्वांत वरचा अपित्वचेचा थर. या पेशी काचेसारख्या स्वच्छ असतात, त्यांत सहसा हरितलवके नसतात. ऊन न अडवता आत जाऊ देणे आणि आतल्या पेशींचे रक्षण करणे हे त्यांचे काम. त्यांच्यावर मेणचट उपत्वचेचा थर असतो. त्यातून पाणी सहज बाहेर पडत नाही. अळवावरचे पाणी ठरत नाही तेही पानावरच्या मेणामुळेच.

त्याखाली उभ्या, लांबट पेशींची दाट रांग लागते. पाठ्यपुस्तकात तिला स्तंभ ऊती म्हणतात. पानातली सर्वाधिक हरितलवके इथे असतात. पेशी उभ्या असल्यामुळे प्रकाश त्यांच्या लांबीतून खाली उतरतो आणि एकाच थरात अडकून पडत नाही. हरितलवकेही जागची हलतात : ऊन मंद असेल तेव्हा ती प्रकाशाला सामोरी पसरतात, प्रखर झाले की बाजूच्या भिंतींना लागून एकमेकांच्या सावलीत उभी राहतात. हे मला पानातले सर्वांत सुंदर दृश्य वाटते, आणि शाळेत त्याबद्दल फारसे कोणी सांगत नाही.

स्तंभ ऊतीच्या खाली स्पंजी ऊती. इथल्या पेशी वेड्यावाकड्या, एकमेकींना इकडेतिकडे टेकलेल्या, आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. चित्रात हा भाग गबाळा दिसतो, पण पानाची निम्मी हुशारी इथेच आहे. रंध्रातून, म्हणजे पानाच्या त्वचेवरच्या बारीक छिद्रातून, आलेली हवा या पोकळ्यांतून सगळीकडे खेळते. आतल्या पेशींचा हवेला लागणारा पृष्ठभाग मोजला, तर तो पानाच्या बाहेरच्या क्षेत्रफळाच्या दहा ते चाळीस पट भरतो. शिवाय प्रकाश या पेशींच्या भिंतींवर आपटून विखुरतो, त्यामुळे वरून निसटलेल्या किरणांनाही पुन्हा शोषले जाण्याची संधी मिळते.

ही आतली हवा डोळ्यांनी पाहता येते. भांड्यात कढत पाणी घ्या आणि चिमट्याने धरून एक ताजे पान त्यात बुडवा. आतली हवा तापून प्रसरण पावते आणि पानावर बारीक बुडबुडे उमटतात. आंब्याचे किंवा पेरूचे पान असेल तर ते खालच्या बाजूवर उमटतील, कारण दारे त्या बाजूला आहेत.

पानाची वरची बाजू गडद आणि खालची फिकी का असते?

वर हरितलवके दाटीने असतात. खाली ती कमी आणि मध्ये हवा असते. हवेच्या पोकळ्यांवरून प्रकाश परावर्तित होतो, म्हणून खालची बाजू फिकट दिसते. ज्यांची पाने जवळपास उभी असतात आणि दोन्ही बाजूंना ऊन लागते, अशा बऱ्याच गवतांत हा फरक फारसा जाणवत नाही.

पर्णरंध्रे उघडतात आणि मिटतात कशी?

प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात, बहुतेक झाडांत घेवड्याच्या दाण्यासारख्या बाकदार. सकाळी प्रकाश पडला, त्यातही निळा प्रकाश, की या पेशी पोटॅशियमचे आयन आत ओढतात. त्यांच्यामागोमाग पाणी येते आणि पेशी फुगतात. भिंतींची जाडी आणि त्यांतल्या तंतूंची ठेवण अशी असते की फुगताना पेशी सरळ न वाढता बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मध्ये फट पडते. पोटॅशियम बाहेर गेले की पाणीही जाते, पेशी सैल पडतात आणि फट मिटते.

जमीन वाळू लागली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते आणि रक्षक पेशींना मिटण्याचा संदेश मिळतो. त्या वेळी पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही थांबतो. अवर्षणात पीक वाळण्याआधीच त्याची वाढ खुंटते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

रंध्रे खालच्याच बाजूला असतात का?

सगळ्याच झाडांत नाही. आंबा, पेरू अशा अनेक वृक्षांत ती खाली असतात. तिथे थेट ऊन आणि धूळ कमी लागते. ज्वारी आणि मक्यात दोन्ही बाजूंना असतात. कमळाचे पाण्यावर तरंगणारे पान पाहिले तर रंध्रे वरच्या बाजूला, कारण खालची बाजू पाण्याला टेकलेली. पूर्ण पाण्यात वाढणाऱ्या हायड्रिलासारख्या वनस्पतीच्या पानांवर रंध्रेच नसतात. पाण्यात विरघळलेला वायू ती थेट पातळ त्वचेतून घेते.

घरी किंवा शाळेत रंध्रे पाहता येतील का?

हो, आणि जरूर पाहा. पानाच्या खालच्या बाजूवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या. पूर्ण वाळला की त्यावर चिकटपट्टी दाबून हलकेच ओढून काढा आणि काचपट्टीवर चिकटवा. शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली रंध्रांचे ठसे स्पष्ट दिसतात. लव असलेली पाने टाळा, ठसा नीट येत नाही.

याहून छान म्हणजे ऱ्हिओचे पान, बागांच्या कडेला लावतात ते वरून हिरवे आणि खालून जांभळे. ते तिरके फाडले की जांभळ्या बाजूचा पातळ पापुद्रा सुटतो. तो पाण्याच्या थेंबात ठेवून पाहिला तर सगळीकडे जांभळ्या पेशींची फरसबंदी आणि मध्ये मध्ये रक्षक पेशींच्या हिरव्या जोड्या. त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि थोडा वेळ बघत राहा. पेशींतले पाणी बाहेर येते आणि उघडी रंध्रे तुमच्या डोळ्यांदेखत मिटू लागतात.

शिरांचे नेमके काम काय?

पानाला ताठ ठेवणे, जलवाहिन्यांतून पाणी आणि क्षार आणणे, आणि रसवाहिन्यांतून तयार साखर बाहेर नेणे. पिंपळाचे पान पाण्यात कुजवून वहीत ठेवायची जाळी आपल्यापैकी अनेकांनी केली असेल. ती उजेडासमोर धरून पाहा. मध्यशिरेपासून निघालेल्या शिरा फुटत फुटत इतक्या बारीक होतात की कोणत्याही हिरव्या पेशीपासून शीर काही पेशींच्याच अंतरावर असते. पाणी एका पेशीतून दुसऱ्या पेशीत मंद गतीने झिरपते, म्हणून वाहिनी जवळ असावी लागते.

दिवसा साखर जितक्या वेगाने तयार होते तितक्या वेगाने ती बाहेर जात नाही. उरलेली हरितलवकातच स्टार्चच्या रूपाने साठते आणि रात्री परत साखर होऊन मुळांकडे, फळांकडे, वाढत्या शेंड्यांकडे जाते.

ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून सुटतो ना?

नाही, पाण्यातून. १९४१ मध्ये सॅम्युएल रुबेन, मार्टिन कामेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन (नेहमीपेक्षा जड अणूंचा, म्हणून वेगळा ओळखता येणारा) असलेले पाणी शैवालाला देऊन पाहिले. बाहेर पडलेला ऑक्सिजन त्या पाण्याचा होता.

पिंपळ, तुळस, कडुनिंब रात्रीही ऑक्सिजन देतात, हे खरे का?

खरे नाही. ऑक्सिजन पाण्याचा रेणू फुटून सुटतो आणि तो फोडायला प्रकाश लागतो. रात्री कोणतीही वनस्पती ऑक्सिजन सोडत नाही; ती श्वसन करते, म्हणजे ऑक्सिजन घेते, आणि बहुतेक वनस्पती कार्बन डायऑक्साइड सोडतात. मोबाइलवर फिरणारे संदेश पिंपळाचा मान वाढवण्यासाठी लिहिलेले असतील, पण पिंपळाला त्याची गरज नाही. भर उन्हाळ्यात एवढी सावली देणारे आणि पक्ष्यांना फळे पुरवणारे झाड त्याशिवायही मोठेच आहे.

उलट्या टोकाची भीतीही बाळगू नका. झोपायच्या खोलीत चार कुंड्या ठेवल्या म्हणून कोणी गुदमरत नाही. शेजारी झोपलेला माणूस त्या कुंड्यांपेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो.

मग निवडुंग आणि घायपात रात्री काय करतात?

ते दारे रात्री उघडतात. दिवसा कोरड्या उन्हात रंध्रे उघडली तर पाणी फार जाईल, म्हणून अशा वनस्पती रात्रीच्या गारव्यात कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याचे मॅलिक आम्ल करून पेशींच्या मोठ्या रिक्तिकांत, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशव्यांत, साठवतात. सकाळी रंध्रे मिटतात. मग आम्लातून तोच वायू सोडवून बंद दाराआड उन्हाच्या बळावर साखर तयार होते. अननसही याच पठडीतला. पाने जाड आणि रसाळ असण्याचे कारण आता लक्षात येईल : त्यांना रात्रभराचे आम्ल साठवायला जागा हवी असते.

या शोधाचा धागा भारतातला आहे. बेंजामिन हाइन हे दक्षिण भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ. आपल्याकडे कुंडीत सहज लागणाऱ्या पानफुटीची पाने त्यांनी वेगवेगळ्या वेळी चाखली. सकाळी ती आंबट लागली आणि दुपारपर्यंत बेचव झाली. १८१३ मध्ये त्यांनी पत्राने हे कळवले आणि १८१५ मध्ये ते लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. तुम्ही चव घेऊ नका, पानफुटीत विषारी द्रव्येही असतात. पहाटे आणि संध्याकाळी तोडलेल्या पानांचा रस लिटमस किंवा पीएच कागदावर लावला तरी फरक कळतो.

ज्वारी, मका, ऊस यांची पाने भात-गव्हापेक्षा वेगळी असतात म्हणजे काय?

हा प्रश्न शेतीशी थेट जोडलेला आहे, म्हणून जरा सविस्तर.

कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) नाव रुबिस्को. हा विकर अतिशय संथ, सेकंदाला मोजक्याच रेणूंचे काम करणारा. म्हणून पानाला तो प्रचंड प्रमाणात बाळगावा लागतो. त्याचा दुसरा दोष असा की तो कधी कधी कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडतो. मग केलेली मेहनत वाया जाते आणि कमावलेल्या कार्बनचा काही भाग परत हवेत जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. तापमान वाढले आणि रंध्रे मिटू लागली की हा तोटा वाढतो. भात, गहू, सोयाबीन, कापूस, तूर या सगळ्यांना तो सोसावा लागतो.

ज्वारी, बाजरी, नाचणी, मका आणि ऊस यांनी पानाच्या रचनेतूनच यावर तोड काढली आहे. ज्वारीच्या पानाचा छेद पाहिला तर प्रत्येक शिरेभोवती ठसठशीत हिरव्या पेशींचे कडे दिसते आणि त्याभोवती दुसऱ्या पेशींचा घेर. वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलिब हाबरलांट यांनी एकोणिसाव्या शतकातच या रचनेचे वर्णन केले होते, पण तिचा अर्थ कळायला १९६६ उजाडावे लागले. ऑस्ट्रेलियात उसावर काम करणाऱ्या मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी तो उलगडला. बाहेरच्या घेरातल्या पेशी, ऑक्सिजनला न भुलणाऱ्या वेगळ्या विकराने, कार्बन डायऑक्साइड पकडतात आणि चार कार्बनच्या संयुगात बांधून आतल्या कड्यात पोचवतात. तिथे तो मोकळा होतो. रुबिस्को याच कड्यात असतो, आणि आजूबाजूला कार्बन डायऑक्साइड इतका दाटलेला असतो की चूक फारशी होत नाही. चार कार्बनांवरून या वनस्पतींना सी-४ म्हणतात. त्यांच्या पानात शिरा एकमेकींच्या खूप जवळ असतात, कारण प्रत्येक घेराला कडे शेजारीच हवे.

याचा फायदा असा की रंध्रे थोडी आवळलेली असली तरी काम भागते. खर्च झालेल्या पाण्याच्या मानाने ही पिके जास्त वाढतात. माणदेशात आणि मराठवाड्यात ज्वारी-बाजरी टिकून राहिली त्यात त्यांच्या पानांचा मोठा वाटा आहे.

मग ऊसही सी-४ असून एवढे पाणी का पितो, असे शेतकरी विचारतात. ऊस एका टनाला पाणी फार घेत नाही, पण तो वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष, शेतात उभा असतो आणि हेक्टरी प्रचंड हिरवा माल तयार करतो. पान काटकसरी असले तरी एकूण हिशेब मोठाच होतो.

दुपारी भोपळ्याची पाने मान टाकतात, ज्वारीची सुरळी होते. लगेच पाणी द्यावे का?

संध्याकाळपर्यंत वाट पाहा. भोपळा, दोडका यांची मोठी पाने भर उन्हात मुळांनी पुरवलेल्यापेक्षा जास्त पाणी गमावतात आणि ढिली पडतात. ऊन उतरल्यावर ती सावरली तर घाबरण्यासारखे काही नाही. सकाळीही पान मलूलच असेल तर मात्र पाणी द्या. ज्वारीच्या पानाच्या वरच्या त्वचेत मोठ्या, पातळ भिंतींच्या पेशी असतात. पाणी कमी झाले की त्या आक्रसतात आणि पान गुंडाळले जाते. उन्हाला सामोरा भाग घटतो, आत दमट हवा कोंडून राहते.

आंब्याची किंवा कुसुंबाची कोवळी पाने लाल का? त्यांत हरितद्रव्य नसते का?

थोडे असते, पण अजून पूर्ण तयार झालेले नसते. लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. कोवळ्या पानाची यंत्रणा उभी राहत असताना जादा प्रकाशाने इजा होऊ नये म्हणून हा रंग आडोसा धरतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मार्चमध्ये सह्याद्रीत कुसुंब लालभडक होतो आणि काही आठवड्यांत हिरवागार, तो हाच बदल.

कपाशीची पाने लाल पडण्याचा विकार, लाल्या, वेगळा. तिथे नत्र किंवा मॅग्नेशियमची कमतरता, रात्रीचे उतरलेले तापमान अशा कारणांनी हरितद्रव्य कमी होते आणि अँथोसायनिन वाढते. तो ताणाचा इशारा आहे.

एकाच झाडाची पाने वेगवेगळी का दिसतात?

घेराच्या बाहेर उन्हात वाढलेले पान लहान, जाड असते आणि त्यात बऱ्याचदा स्तंभ ऊतीचे दोन थर असतात. आत सावलीत वाढलेले पान मोठे, पातळ, गडद. एकदा तयार झालेल्या पानाला आपली बांधणी फारशी बदलता येत नाही. नर्सरीतल्या शेडनेटखालचे रोप घरी आणून थेट गच्चीवरच्या उन्हात ठेवले की पाने करपतात ती यामुळे. आधी सकाळचे कोवळे ऊन द्या आणि काही दिवसांत हळूहळू वाढवा. नवी पाने त्या उन्हाला साजेशीच येतील.

ज्यांना पानेच नाहीत त्यांचे काय?

खोड हिरवे होते. शेर, नेपती आणि फड्या निवडुंग ही नेहमीची उदाहरणे; निवडुंगाचा हिरवा फडा हे खोडच आहे. रस्त्याकडेला सर्रास लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीत तर आपण ज्याला पान म्हणतो तो पसरट झालेला देठ असतो. तिचे नुकते रुजलेले रोप मिळाले तर निरखून पाहा : पहिली काही पाने आपल्या बाभळीसारखी बारीक पर्णिकांची असतात.

पान पिवळे पडले तर कशाची कमतरता समजावी?

आधी कोणते पान पिवळे पडले ते बघा. शेंड्याकडची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. सोयाबीनवर हे पुष्कळदा दिसते. खालच्या जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमचा संशय घ्या. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचाच अणू असतो आणि टंचाईत झाड तो जुन्या पानांतून काढून नव्यांना देते. जुने पान सगळेच फिके पडले असेल तर नत्र. पाणी साचल्यानेही पाने पिवळी पडतात, म्हणून फवारणीआधी निचरा तपासा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

पानावरची धूळ खरोखर नुकसान करते का?

करते. ती प्रकाश अडवते, पान तापवते आणि बारीक कण रंध्रांत अडकतात. घरातल्या मनीप्लांट-रबर प्लांटची पाने ओल्या मऊ फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसा. चकाकीसाठी तेल लावू नका, रंध्रे बुजतात.

शाळेतल्या प्रयोगात पान स्पिरिटमध्ये का उकळतात?

आयोडीनने स्टार्च निळा-काळा होतो, पण हिरव्या पानावर तो रंग दिसणार नाही. म्हणून पान आधी पाण्यात उकळून मऊ करतात, मग स्पिरिटमध्ये हरितद्रव्य उतरवतात. स्पिरिट पटकन पेट घेते. ते थेट आचेवर कधीही ठेवू नका : ज्योत विझवून, गरम पाण्याच्या भांड्यात स्पिरिटची परीक्षानळी उभी करा, आणि शेजारी मोठे माणूस असू द्या. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शोभेचे पान घेतले आणि सुरुवातीला त्याचे चित्र काढून ठेवले, तर शेवटी ताडून पाहता येते. जिथे हिरवे होते तिथेच आयोडीनचा गडद रंग चढतो, पांढरा भाग नुसता पिवळसर राहतो.